गिअरबॉक्सच्या पुस्तकातली एक ओळ

अप्पा,

त्या रविवारी सकाळी मी मोरीत तुमचे कामाचे कपडे सोड्यात भिजत घातले होते. आठवड्याभराचं तेल त्या निळ्या कापडात मुरलेलं असायचं. आधी डागांवर रॉकेलचा बोळा फिरवायचा, मग गरम पाणी आणि सोडा, मग दगडावर धोपटायचं. नळ साडेसातला जायचा, म्हणून त्याआधी पिंप आणि दोन हंडे भरून घेणंही माझ्याकडेच. आई मागच्या पायरीवर बसून मांदेली साफ करतेय, मांजर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलंय, आणि तुम्ही उंबऱ्यापाशी पाटावर बसला आहात. पुढ्यात जुना पेपर पसरलेला, त्यावर ते जाड इंग्रजी पुस्तक. पुस्तकाला डाग लागू नये म्हणून तुम्ही वॉशिंग पावडर आणि लाकडाचा भुसा घेऊन दोनदा हात धुतले होते. तरी नखांत काळं राहिलंच होतं, म्हणून पानाला बोट न लावता तुम्ही हाक मारली, "गो, ये हय. ह्या वाच."

चारकोपचं आपलं घर तेव्हा नवं होतं, भिंतींना अजून गिलावा नव्हता. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात मिस्त्री म्हणून लागला होता. ट्रक-टेम्पोचे गिअरबॉक्स तुमच्याकडे यायचे. गिरणीत फिटर होता, त्यामुळे दाते, बेअरिंग, शाफ्ट यांचं तुम्हाला नवीन काही नव्हतं. गिअरच्या दांडीवर तळवा ठेवून गाडी चालवायला सांगायचात आणि कुठला गिअर खराब आहे ते सांगायचात. तेल चिमटीत घेऊन घासायचात, वास घ्यायचात. मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी अक्षर कळत नव्हतं, पण त्याची कधी गरजच पडली नव्हती. मग गाळ्यात ती परदेशी गाडी आली. कुणा बिल्डरची. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. तसला गिअरबॉक्स तुम्ही आयुष्यात उघडला नव्हता. शेठने विचारलं, जमेल का, तेव्हा तुम्ही म्हणालात, गाडीचं पुस्तक आहे ना, माझा चेडू इंग्लिश वाचता. हे मला त्याच संध्याकाळी आईने सांगितलं, आणि मी दोन दिवस कुणाशी नीट बोलत नव्हते इतकी चढून गेले होते.

मी नववीत होते. माझं इंग्रजी कसलं, शाळेतल्या धड्यांपुरतं. पण चित्रं होती, आकडे होते, आणि तुम्ही होता. मी अडखळत एक वाक्य वाचायची, त्यातले ओळखीचे शब्द सांगायची, आणि उरलेलं तुम्ही चित्रावरून लावायचात. चेंबर खोला. म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचं ताट. त्यातलं तेल काढा, वरची जाळी बदला, नवीन पॅकिंग लावा, बोल्ट समोरासमोरचे आवळा. तुम्ही मान डोलवत होता. मधेच म्हणालात, "ह्या सगळा आपलाच काम हा गो, फक्त इंग्लिशमधे." आई मागून म्हणाली, "बापलेकींनी कारखानो काढा आता. मासळी मी एकटीच साफ करतंय." आपण तिघं हसलो.

मग शेवटचं पान आलं. तेल किती आहे ते पट्टीवर कसं बघायचं, ते. पट्टीचं चित्र मोठं होतं, तिच्यावर दोन खुणा. त्या चित्राखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. त्या ओळीत मला न येणारे तीन शब्द होते, एकापाठोपाठ एक. तुम्ही विचारलंत, "फुडे काय लिवलाहा?"

मी म्हटलं, "काही नाही. हेच परत लिहिलंय."

तुम्ही पुस्तक मिटलंत, पेपरात गुंडाळलंत, आणि मी कपडे धोपटायला गेले.

त्या ओळीबद्दल मी कुणालाच कधी सांगितलं नाही. आईला नाही, तुमच्या जावयांनाही नाही. आज लिहायला बसले ते त्यासाठीच, पण आधी इकडचं सांगते, म्हणजे आजच का ते कळेल.

तुमचे जावई गेले त्याला आता तीन वर्षं होतील. तुम्हाला ते माहीत आहेत ते सोसायट्यांच्या बागा सांभाळणारे, सायकलवर रोपं बांधून फिरणारे. पुढे आम्ही बोरिवलीला गोराई रस्त्यालगत जमिनीची एक पट्टी भाड्याने घेऊन नर्सरी काढली. त्यांचा डावा गुडघा गेला तेव्हा डॉक्टरांनी क्लचची गाडी बंद करायला सांगितली, म्हणून त्यांनी कुठूनसा जुना पिकअप शोधून काढला, आपोआप गिअरचा. त्यांच्या शेजारी बसून मी सात-आठ वर्षं माती, खत आणि कुंड्या पोचवल्या. ते गेल्यावर महिनाभर गाडी झाडाखाली उभी होती, तिच्यावर पाला साचला होता. मग चौपन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले. दोनच पेडल आहेत म्हणून जमलं. आता कुंड्या भरते, नेते, उतरवते. संध्याकाळी वाचते. माझं बरं चाललं आहे अप्पा. घरी आल्यावर दोन कप काढते आणि एक परत ठेवते, एवढं सोडलं तर.

दिवाळीनंतर पिकअप रिव्हर्सला टाकला की झटका द्यायला लागला. नंतर पुढे जातानाही गाडी दोन क्षण थांबायची, जणू तिला विचार करायचाय. माझी मुलगी मुलुंडला असते. तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने फोनवरच सुरुवात केली.

"आई, विक ना आता ती. आणि नर्सरी पण दे सोडून. इकडे ये, खोली रिकामीच आहे."

"आणि तिकडे येऊन काय करू?"

"काय करू म्हणजे? आराम कर. पुस्तकं वाच. वय बघ ना तुझं. रस्त्यात बंद पडली तर कोण येणार तुला घ्यायला?"

"तू येशील की."

"मस्करी नको करूस गं. ह्या वेळेला गाडीने मान टाकली तर मी ऐकणार नाही, सांगून ठेवते."

मी बरं म्हटलं. तिचं चुकत नव्हतं. गिअरबॉक्स गेला तर नवीन बसवणं मला झेपणार नव्हतं, आणि गाडीशिवाय नर्सरी म्हणजे नुसती झाडं. म्हणजे आता सगळं त्या गिअरबॉक्सवरच होतं. मुलीकडची खोली चांगली आहे, उजेड येतो. पण तिथे सकाळी उठून मला कुठे जायचं नसणार, आणि त्याची मला भीती वाटते.

चारकोपच्या इस्टेटमध्येच एक मिस्त्री आहे, तुमच्या जुन्या गाळ्यापासून दोन गाळे सोडून. तुमचा गाळा आता पॅकिंगच्या खोक्यांचं गोदाम झालाय. मिस्त्री पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, जीभ तिखट आहे पण हात चांगला आहे. त्याने पट्टी ओढली, तेल बोटावर घेतलं, वास घेतला. तुमच्यासारखंच. मला तिकडे बघवलं नाही, मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

"मावशी, तेल जळलंय. कधी बदललं होतं?"

"ते असताना. नक्की माहीत नाही."

"मग राहू द्या तसंच. जुन्या तेलावर चालतेय ना, चालू द्या. नवीन टाकलं की आतल्या प्लेटा घसरतात. मी दोन गाड्या बघितल्यात, तेल बदललं आणि गाडी जागेवरच बसली. मग मला बोलायचं नाही."

"आणि नाही बदललं तर?"

"तर चार-सहा महिने काढेल. मग वाट लागेल."

"म्हणजे दोन्हीकडून लागणारच आहे."

"मी काय देव आहे? तुम्ही सांगा. मी खोलतो."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, याचा मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. आणि विचार करताना ती परदेशी गाडी आठवल्याशिवाय राहीना. त्या रविवारनंतर तुम्ही तिचं काम पूर्ण केलंत. चेंबर उतरवलं, जाळी बदलली, पॅकिंग लावलं, तेल भरलं. इंजिन बंद ठेवून पट्टीवर तेल बघितलंत, जसं कुठल्याही गाडीचं बघतात तसं. तेल खुणेला लागलं. गाडी गेली. तीन आठवड्यांनी ती ओढून परत आणली. आतल्या प्लेटा जळून काळ्या झाल्या होत्या. तेल कमी पडलं होतं, पण पट्टी तर बरोबर दाखवत होती, आणि असं कसं झालं ते गाळ्यात कुणालाच कळलं नाही.

शेठने तुम्हाला काढलं नाही. पण त्यानंतर त्याने तुमच्या हातात गिअरबॉक्स दिला नाही. ब्रेकचे शू, क्लचप्लेट, ग्रीसिंग, जे नवीन आलेली माणसं करतात ते तुम्ही शेवटपर्यंत केलंत. कपड्यांवरचं तेल बदललं, त्याचा वास बदलला, ते मला धुताना कळायचं. तुम्ही घरी त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. मला काही विचारलंही नाहीत. मात्र इंग्रजी पुस्तक परत कधी घरी आणलं नाहीत, आणि मी ते माझ्यापुरतं समजून घेतलं.

महिन्याभराने तुम्ही रद्दीवाल्याकडून एक शब्दकोश आणलात, इंग्रजी-मराठी, कव्हर नसलेला. पेटीवर ठेवलात. मी विचारलं हे कशाला, तर म्हणालात, "घरात एक असूक व्हया." दहावीनंतर आईच्या आजारपणात माझं शिक्षण सुटलं ते सुटलंच, पण तो शब्दकोश घेऊन मी हाताला लागेल ते वाचत गेले. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद, लायब्ररीतली पुस्तकं, पुढे जावयांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. लोक म्हणतात मी स्वतः शिकले. मी हो म्हणते. तुम्ही तो शब्दकोश का आणलात, हे मी खूप वर्षं स्वतःला विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर लगेच मिळालं असतं. तुम्हाला कळलं होतं. पुस्तकात काहीतरी होतं आणि ते पोरीला वाचता आलं नाही, एवढं तुम्ही ताडलं होतं. शेठसमोर तुम्ही माझं नाव घेऊ शकला असता.

परवा मी मिस्त्रीला सांगितलं, खोला. नवीन जाळी आणि पॅकिंग आणून दिलं, पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं तेल आणलं. त्याने गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली. गाडीचं पुस्तक माझ्या मांडीवर होतं, ते बघून तो हसला. "मावशी, परीक्षा आहे काय आज?" मी म्हटलं, तुमची आहे. चेंबरचे बोल्ट त्याने एका कोपऱ्यातून सैल केले, तेल तपकिरी धारेने खालच्या टबात पडलं, जळक्या साखरेसारखा वास आला. चेंबरच्या तळाला लोहचुंबक असतं, त्याच्यावर राखाडी लोणी साचलं होतं. त्याने ते बोटाने पुसून उजेडात धरलं आणि पहिल्यांदा जरा बऱ्या आवाजात बोलला, "चुरा आहे, तुकडे नाहीत. अजून जीव आहे हिच्यात." जाळी काढली तर ती काळी, चिकट. नवीन बसवली. पॅकिंग एका बाजूने कधीचं झिरपत होतं तेही दिसलं. बोल्ट समोरासमोरचे आवळले, फार जोर न लावता. मला तुमचे हात दिसत होते आणि मी पुस्तकात बघत होते.

मग त्याने टबातलं तेल मोजलं आणि तेवढंच नवीन ओतलं. पट्टी बुडवली, काढली, मला दाखवली. तेल बरोबर खुणेवर. "झालं," म्हणाला आणि हात पुसायला लागला.

मी म्हटलं, "इंजिन चालू करून बघा."

"मावशी, तेल इंजिन बंद ठेवूनच बघतात. पन्नास वर्षं सगळे तसंच बघतात."

"इंजिनाचं. गिअरबॉक्सचं चालू ठेवून बघायचं. इथे लिहिलंय. ब्रेक दाबून दांडी सगळ्या गिअरांतून फिरवायची, पार्किंगला आणायची, आणि इंजिन चालू असतानाच पट्टी काढायची. चालू झालं की तेल वर खेचलं जातं, आणि खाली खरं किती उरलं ते तेव्हाच दिसतं."

तुमच्या पुस्तकातल्या त्या ओळीतही हेच असणार, अप्पा. तो आत बसला, चालू केलं, दांडी फिरवली. पट्टी काढली तर तेल खुणेच्या बोटभर खाली. जेवढं काढलं तेवढं घातलं होतं, पण आधीच कमी होतं त्याला काय करणार. तो हळूच म्हणाला, "आयला." आणि मग, "अजून काय लिहिलंय?"

पुढच्या ओळीत तेल किती तापलेलं असताना बघायचं त्याचा आकडा होता, अंशांमध्ये. तो कसा मोजायचा ते मला माहीत नव्हतं. आणि अप्पा, माझ्या ओठांवर आलं होतं की बाकी काही नाही. या वयात, एवढं वाचून झाल्यावर, ज्या गाडीवर माझं सगळं उभं आहे तिच्याच बाबतीत. मी थांबले. मग म्हटलं, "एक आकडा दिलाय. त्याचं काय करायचं मला कळत नाही."

"दाखवा." त्याने चष्मा वर सरकवला, आकडा बघितला. "हां, म्हणजे गरम पाहिजे. सोपं आहे. आता थोडं अजून तेल टाकतो, वीस मिनिटं चारकोपच्या सेक्टरांत फिरवून आणा, मग बघू. एवढंच ना?"

एवढंच. तुम्हीही असंच म्हणाला असता. मी त्या रविवारी म्हटलं असतं की ह्या ओळीतलं मला येत नाही, तर तुम्ही पुस्तक उचलून कुठल्यातरी मास्तरांकडे गेला असता, नाहीतर शेठच्या मुलाकडे, जो कॉलेजात होता. दुपारच्या जेवणाच्या आत तुम्हाला कळलं असतं. मला शब्द येत नाहीत हे तुम्हाला माहीतच होतं, सबंध सकाळ आपण तसंच वाचत होतो. फक्त मला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं, कारण तुम्ही शेठला सांगितलं होतं की माझा चेडू वाचता.

मी गाडी फिरवून आणली. सेक्टरांच्या गल्ल्यांतून, आपल्या जुन्या घरावरून, तिथे आता तीन मजले चढलेत. परत आल्यावर त्याने चालू इंजिनावर पट्टी काढली, अजून थोडं तेल घातलं, परत काढली. तेल खुणेत आलं. रिव्हर्सला टाकली. झटका बारीक होता, पण होता. तो म्हणाला, एक दिवस भरलेली चालवा, मग कळेल राहते की जाते. हात धुताना त्याने विचारलं, "मावशी, हे चालू इंजिनाचं कोणी शिकवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. इथेच मिस्त्री होते, गिअरबॉक्सचे."

तो म्हणाला, "मग बरोबर आहे." मला त्याचा चेहरा बघून फार बरं वाटलं, आणि गाडीत बसल्यावर बरं वाटेनासं झालं. कारण ते तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुम्ही शेवटपर्यंत गिअरबॉक्सच उघडले असते.

हे मी वहीच्या कागदांवर लिहिते आहे. हे कुठे ठेवायचं मी ठरवलेलं नाही. तुम्हाला सांगायचं होतं ते वर लिहिलं आहे: ती ओळ मला दिसली होती, आणि मी तिला काही नाही म्हटलं.

गाडीच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअपमध्ये चाळीस कुंड्या आणि मातीची पोती भरली, कांजूरमार्गवरून मुलुंडला गेले, आणि मुलीच्या सोसायटीच्या बागेत सगळं उतरवलं. तिने वरून बघितलं आणि चहा घेऊन खाली आली. खोलीचा विषय तिने काढला नाही. येताना मी चारकोपला वळले. मिस्त्री एका टेम्पोखाली होता, त्याचे पायच दिसत होते. मी त्या पायांपाशी उभी राहून सांगितलं की ते चालू इंजिनाचं माझ्या वडिलांनी मला शिकवलं नव्हतं, मीच त्यांना ते वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्यात त्यांची एक गाडी जळली. टेम्पोखाली पाना बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, रिव्हर्सला झटका देते का अजून. मी म्हटलं, नाही.